चौथी घागर

१

रविवारी सकाळी टँकर येणार म्हणजे शनिवारी दुपारपासूनच गल्लीत घागरींची लाईन लागायची. माणसांची नव्हे हं, घागरींची. टाकीपाशी माणसं जमली की डोकी फुटायची, म्हणून वरून जमावबंदी लागली होती. पाच जण एकत्र दिसले की पोलीस काठी आपटत यायचे. पण घागरींना कोण बंदी घालणार? मग लातूरच्या त्या गल्लीनं आपला कायदा आपणच केला. घागर उभी म्हणजे माणूस उभा. ऑइलपेंटनं नाव घालायचं, नंबरात ठेवायची आणि खुशाल घरी जाऊन पडायचं.

दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा तो फक्त पुढं सरकवायला. मागं ओढायची नाही. आणि कुणी ओढलीच, तर त्यानं चारचौघांत, आपल्या हातानं, आपली घागर उचलून लाईनीच्या शेवटाला नेऊन ठेवायची. शिक्षा म्हणाल तर एवढीच. पण फाल्गुनात एका मास्तरावर ही पाळी आली, तेव्हापासून तो गडी अजून गल्लीतून खाली मान घालून जातो.

शरणप्पानं आपली निळी घागर सतराव्या नंबरावर ठेवली, पांढऱ्या अक्षरातलं 'शरणू' नाव समोर येईल अशी फिरवली आणि तो हात पुसत घरात आला. चोवीस वर्षांचं पोरगं, कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला. आज मालकाकडून लवकर सुट्टी मागून घेतली होती.

"एवढा नटून कुठं निघालास?" गुरम्मानं, त्याच्या आईनं, विचारलं.

"नरसिंगचा गाण्याचा कार्यक्रम हाय आई. औसा रोडला, सहाला."

"जा बाबा, जा. आईमाघारी त्या लेकराला तूच हायस," गुरम्मा म्हणाली. "तू व्हतास म्हणून कोंडाबाई रस्त्यावर मेली न्हाई. लई पुण्याचं काम केलंस."

शरणप्पानं चप्पल शोधायच्या निमित्तानं मान खाली घातली. महिना झाला होता, गल्लीतलं प्रत्येक तोंड हेच बोलून राहिलं होतं. आणि प्रत्येक वेळी तो असंच काहीतरी शोधायला लागत होता.

२

खरं काय ते एकट्या शरणप्पाला ठाऊक होतं.

त्या दिवशी त्याला मुरुडला चुलतभावाच्या साखरपुड्याला जायचं होतं. चार दिवस अंगाला पाणी नव्हतं. त्याची घागर एकोणिसावी, आणि चार गल्ल्या करून आलेला टँकर चौदा-पंधरा घागरींत आटतो हे शेंबड्या पोरालाही माहीत. चौथ्या नंबरावर हिरवी घागर होती, नरसिंगच्या आईची, कोंडाबाईची. गळ्याशी चीर गेलेली. तापल्या सुरीनं तिनं प्लास्टिक वितळवून ती बुजवली होती, तो काळा डाग लांबून दिसायचा. भर दुपारी गल्ली झोपली होती. शरणप्पानं हिरवी उचलून एकोणिसाव्यावर ठेवली आणि निळी चौथ्यावर. हाताला वेळ तो किती लागला? जांभई द्यायला लागतो तेवढा.

टँकर आला. निळी भरली. पंधराव्याला पाणी संपलं.

कोंडाबाई आपल्या घागरीपाशी गोंधळून उभी राहिली. लाईनीत तिच्याइतकं सरळ माणूस नव्हतं. लाईन हलली की आपली घागर पायानं सरकवायची आणि मग जो कुणी हजर नसेल त्याची हातानं. आधी एक आखूड खर्र, मग एक लांब खर्र. "सरका गं बायांनो, पुढं सरका," हे वर तोंडानं चालूच. शरणप्पा कायम कुठंतरी उंडारत असायचा, तेव्हा बहुतेक वेळा ती दुसरी घागर त्याचीच असायची.

"शरणू," तिनं विचारलं, "माझी चौथी व्हती ना रे?"

तेव्हा तो बोलू शकत होता. अजून काही बिघडलं नव्हतं, घागर भरलेली होती, अर्धी तिला दिली असती तरी चाललं असतं.

"न्हाई मावशे," तो म्हणाला. "तुमची मागंच व्हती."

"असंल बाबा. माझंच ध्यान ठिकाणावर न्हाई." आणि ती भर उन्हात रेल्वे रुळापलीकडच्या बोअरवर गेली.

शरणप्पा आंघोळ करून, चंदनाचा साबण लावून, मुरुडच्या गाडीला निघाला तेव्हा कोपऱ्यावर माणसं जमलेली. त्यानंच तिला उचललं, ऑटोत घातलं, मांडीवर डोकं घेतलं. दवाखाना येईपर्यंत तिनं एकदाच डोळे उघडले.

"वास येतोय रे साबणाचा," ती म्हणाली. "आंघोळ केलीस व्हय? बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी ती गेली. उष्माघात, डॉक्टर म्हणाले. एका आंघोळीपायी, शरणप्पा स्वतःला म्हणाला. पण मनातल्या मनात. नरसिंगला सांगायचं म्हणून तो तीनदा त्याच्या दारापर्यंत गेला आणि तीनदा चहा पिऊन परत आला.

३

कार्यक्रमाचा हॉल म्हणजे एका क्लासची दुसऱ्या मजल्यावरची खोली. लातूरला क्लासेसना तोटा नाही; सुट्टीत बेंच रिकामे पडतात, तर वापरा म्हणून मालकानं पोरांना दिली. बाराएक ओळी बेंच, मध्ये वाट, पुढं मास्तरांचा लाकडी चौथरा. तोच स्टेज. मागच्या फळ्यावर रसायनशास्त्राचं कुठलंसं सूत्र अर्धवट पुसलेलं, भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो ओळीनं. खिडक्यांना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गाद्या बांधलेल्या. दारावर कागद: 'प्यायचे पाणी ज्याने त्याने आणावे.'

बँडचं नाव 'हाफ टँकर'. नरसिंग गायचा आणि गिटार वाजवायचा, उदगीरचा जिलानी ड्रमवर, आणि उमादेवी नावाची इंजिनिअरिंगची मुलगी बेस गिटारवर. ऑर्केस्ट्रावाले नव्हेत हे, उगाच फर्माईश करायला जाल; आपली गाणी आपणच रचायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची. लातुरात असलं ऐकणारी पन्नाससाठ टाळकी होती, ती सगळी आज आली होती.

जिलानीनं दारातच त्याला मिठी मारली. "आ गया शरणू! पुढं बस की रे. आज एक नवं गाणं हाय. नरसिंगनं बनवलंय, अम्मीवर."

"बसतो की इथंच कुठंतरी," शरणप्पा म्हणाला आणि पाचव्या ओळीत वाटेकडेच्या बेंचवर बसला. पुढं बसायचा त्याला धीर नव्हता. नरसिंगच्या नजरेसमोर दोन तास बसायचं म्हणजे कठीणच. पण त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. आज सांगायचं. कार्यक्रम झाला की दोघं एकाच गाडीवर घरी जाणार, वाटेत सांगायचं. मग त्यानं थोबाडीत मारली तर मारू दे.

बसल्या बसल्या त्यानं सहज मागं वळून पाहिलं. शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या बेंचवर, एक हिरवी घागर होती.

शरणप्पाला हसू आलं. काय पण लोक! पाणी आणा म्हटलं तर कुणी घागरच घेऊन आलं.

४

पहिलं गाणं गमतीचं होतं. उदगीर वेगळा जिल्हा होणार, होणार, अशी बोंब कधीपासूनची. त्यावर जिलानीनं रचलेलं. नरसिंग माईकला चिकटून ओरडत होता:

"जिल्हा नवा, पाटी नवी, नळ मात्र जुना गं,
तोटी फिरव, तोटी फिरव, आतून येतो वारा गं!"

पोरं बेंच बडवत होती. खोली लहान, आवाज छातीत बसत होता. शरणप्पाही मान हलवायला लागला. महिन्यात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबून नरसिंग गिटारच्या तारा लावायला लागला त्या मधल्या शांततेत मागून आवाज आला.

खर्र.

आखूडसा. प्लास्टिकचं बूड सिमेंटवर घासावं तसा.

शरणप्पाच्या मानेवरचे केस उभे राहिले. मग त्याचाच त्याला राग आला. खुर्ची असेल. बेंच असेल. कुणाची बॅग असेल. त्यानं वळून पाहिलं. हिरवी घागर आता शेवटच्या ओळीत नव्हती, नवव्या ओळीत होती.

तर काय झालं? कुणाला तहान लागली, घागर पुढं मागितली, दिली. लातूरचं लेकरू या उन्हाळ्यात घागर पाहून घाबरायला लागलं तर झालंच मग. तो पुढं तोंड करून बसला.

मात्र एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. हॉल भरला होता. सहासात पोरं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. आणि नवव्या ओळीत घागरीनं माणसाची जागा अडवली होती, तरी ती उचलून तिथं कुणी बसत नव्हतं.

५

दुसरं गाणं त्यानं ऐकलंच नाही. तो मागच्या आवाजाकडे कान देऊन बसला, पण ड्रमच्या दणक्यात काय ऐकू येणार? गाणं संपलं. टाळ्या विरल्या.

खर्र.

या वेळी अगदी कानाजवळ. शरणप्पानं मान वळवली नाही. नुसते डोळे वळवले. वाटेच्या पलीकडच्या बेंचवर, त्याच्या बरोबर ओळीत, हातभर अंतरावर हिरवी घागर होती. गळ्याशी काळा डाग. वितळून थिजलेल्या प्लास्टिकचा, ओबडधोबड, तापल्या सुरीनं दाबलेला.

हिरव्या घागरी बाजारात शेकड्यानं मिळतात, त्यानं स्वतःला समजावलं. चिरा सगळ्यांनाच पडतात, डागही सगळेच देतात. नावाची बाजू पलीकडं होती, ती काही दिसत नव्हती. वाकून बघितलं असतं तर दिसली असती. तो वाकला नाही.

घागरीच्या शेजारी चष्मा लावलेला एक कॉलेजचा पोरगा अंग चोरून बसला होता. शरणप्पानं त्याला विचारलं, "का हो, ही घागर कुणाची?"

"काय की," पोरगा म्हणाला. "जागा धरलीय वाटतं कुणीतरी."

"मग उचलून खाली ठेवा की. माणसं उभी हायेत मागं."

पोरगा त्याच्याकडे असं बघायला लागला, जणू शरणप्पानं त्याला देवळात चप्पल घालून यायला सांगितलं होतं. "असं कसं उचलायचं ओ? ज्याचा नंबर त्याचा." आणि तो आणखी थोडा सरकून बसला.

शरणप्पाला घाम फुटला. लाज कधी पोटात असते, कधी तोंडावर येते. आता ती सगळी तोंडावर आली होती. हॉलमधल्या पन्नास माणसांना हा नियम कळतो, एवढ्याशा पोराला कळतो. आपल्यालाच कळला नव्हता.

उठून जावं का? पण जायचं तर वाट तिच्या बाजूनं होती.

६

"आता नवं गाणं," नरसिंग म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "माझ्या आईचं. तुमच्यातल्या लई जणांना ठाऊक हाय, ती महिन्याखाली गेली. पाणी आणताना."

त्यानं खिशातून काहीतरी काढलं.

"ती पडली तवा घागर फुटली. तुकडे मी गोळा करून आणले." नरसिंगनं हात वर केला. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हिरवा, तिकोनी, चपटा तुकडा होता. "ह्याच्यातूनच कापलाय हा. गिटार ह्यानंच वाजवतो आता. दुकानातल्यापेक्षा चांगला वाजतो."

उमादेवीनं डोळे पुसले. कुणीतरी नाक ओढलं.

शरणप्पा दगडासारखा बसला होता. घागर फुटली हे त्याला माहीत नव्हतं. कोंडाबाईला उचलताना घागरीकडे त्यानं बघितलंच नव्हतं, बघवलं नव्हतं. ती नरसिंगच्या घरी कुठंतरी कोपऱ्यात असेल असं तो धरून चालला होता. ती तर तुकडे तुकडे झाली. मग हे काय आहे हातभर अंतरावर?

गाणं सुरू झालं. साधं होतं, तीनच सूर, मोटेसारखे खाली जाऊन वर येणारे.

"ऊन गेलं डोक्यावर, लाईन न्हाई हालली,
जो न्हाई आला त्याची घागर आईनं सरकवली,
पुढं सरका, पुढं सरका,
मागं कुणी राहू नका..."

दुसऱ्यांदा पालुपद आलं तेव्हा सगळा हॉल म्हणायला लागला. पुढं सरका, पुढं सरका. पन्नास गळे, बेंचवर पन्नास तळहात. त्या गदारोळात खर्र ऐकू येणं शक्य नव्हतं, पण शरणप्पाला पायाखालच्या फरशीतून ते जाणवलं. एकदा. आणि दर पालुपदाला एकदा.

त्यानं पलीकडे पाहिलं. बेंचवर घागर नव्हती. त्यावर एक ओला गोल राहिला होता, घागरीच्या बुडाएवढा. कुणीही तिथं बसायला येत नव्हतं. शरणप्पानं हात लांब करून बोट लावलं. पाणी गार होतं. बोट नाकाशी नेलं आणि नेलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

चंदनाच्या साबणाचा वास होता.

७

"एक माणूस इथं बसलाय," गाणं संपल्यावर नरसिंग माईकवर बोलला, "त्याच्याबिगर माझी आई रस्त्यावर गेली असती. माझ्या हातात तिचा हात पडला तो ह्याच्यामुळं. शरणू, वर ये."

टाळ्या. सगळी तोंडं वळली. शरणप्पा न्हाई न्हाई म्हणत हात हलवत राहिला, पण जिलानी उडी मारून खाली आला, काखेत हात घालून त्याला ओढतच चौथऱ्यावर घेऊन गेला. माईक हातात. समोरच्या दिव्यानं डोळे दिपलेले.

आत्ता, शरणप्पाच्या मनात आलं. गाडीवर नको, घरी नको, आत्ता. चारचौघांतच सांगायचं असतं. नियमच आहे तो.

"मी काही केलं न्हाई," तो म्हणाला.

"हेच! हेच तर!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या वाढल्या.

"न्हाई, ऐका. मी खरंच... तिची घागर..." त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला. "लायक न्हाई मी. मीच..."

नरसिंगनं त्याला मिठी मारली. घामेजला, हाडकुळा, आईविना महिनाभरात निम्मा झालेला नरसिंग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला, आणि सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. आता ह्या पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? शरणप्पानं माईक खाली केला. मनातून त्याला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेचीच त्याला सगळ्यात जास्त शरम वाटली.

मग नरसिंगच्या खांद्यावरून त्याला पहिली ओळ दिसली.

सगळे उभे होते. वाटेकडेच्या पहिल्या बेंचवर घागर होती, आणि तिचं नाव आता त्याच्याकडे वळलेलं होतं. पांढरी, वेडीवाकडी अक्षरं, 'कोंडाबाई'. मागं दुसऱ्या ओळीत टाळ्या वाजवणारी माणसं. त्यांच्या आणि घागरीच्या मध्ये काळोखाची एक पट्टी. त्या पट्टीतून घागरीच्या काठावर चार बोटं आलेली होती. सरकवताना धरतात तशी, मागच्या बाजूनं. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली होती. तास न् तास पाण्यात हात राहिला की होते तशी. या गावात महिनोन् महिने कुणाचे हात तसे झाले नव्हते.

दिवा डोळ्यावर आला. पुन्हा दिसायला लागलं तेव्हा बेंचवर फक्त कुणाची तरी पाण्याची बाटली होती.

८

नऊच्या सुमाराला दोघं गाडीवरून निघाले. नरसिंग मागं बसला होता, गिटार पाठीला. वाटभर तोच बोलत होता. गाणं कसं झालं, जिलानी कुठं चुकला, पुढला कार्यक्रम नांदेडला होईल बहुतेक. शरणप्पा हाव, हाव म्हणत गाडी हाकत होता. रेल्वेचं फाटक आलं तेव्हा तो म्हणाला, "नरसिंग, एक सांगायचंय तुला."

"सांग की."

फाटक बंद होतं. पाण्याच्या टाक्यांची मालगाडी चालली होती, वाघिणीमागून वाघीण. तिच्या खडखडाटात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. मग फाटक उघडलं आणि मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"काय म्हणत व्हतास?"

"गाणं लई भारी झालं," शरणप्पा म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी बंद केली. खांबावरच्या दिव्याखाली घागरींची लाईन टाकीपर्यंत गेलेली. पिवळ्या, लाल, कळकट पांढऱ्या. नरसिंग उतरला, त्याच्या पाठीवर थाप मारून आपल्या दाराशी गेला आणि खिशात किल्ली शोधायला लागला.

शरणप्पाची नजर सवयीनं सतराव्या नंबरावर गेली. तिथं लाल घागर होती. सोळावीही त्याची नव्हती, पंधरावीही नव्हती. तो घागरीघागरीनं पुढं चालत गेला. दहा. आठ. पाच. निळी घागर चौथ्या नंबरावर उभी होती. 'शरणू' समोर, त्यानं दुपारी फिरवून ठेवलं होतं तसंच.

तिच्या पुढच्या, तिसऱ्या जागेवर घागर नव्हती. सिमेंटवर नुसता ओला गोल होता.

कुणी पोरानं गंमत केली असेल, असं तो म्हणायला गेला. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांदेखत गोल पुढं सरकला. पुढच्या दोन घागरी अंग चोरल्यासारख्या बाजूला झाल्या होत्या की मुळातच तशा होत्या, हे त्याला सांगता आलं नसतं.

खर्र. आखूड.

आणि मग, महिन्याभरात पहिल्यांदा, दुसरा आवाज आला. खर्रर्र. लांब. हातानं, जपून सरकवल्याचा. निळी घागर तिसऱ्या जागेवर आली.

शरणप्पाला रडू फुटलं. ती रागावली असती, अंगावर धावून आली असती, तर त्यानं पाय धरले असते. पण ती त्याचा नंबर सांभाळून राहिली होती. तो हजर नसताना सांभाळायची तसाच. आणि ही लाईन टाकीकडं नव्हे, कोंडाबाई गेली तिकडंच जाते, हे आता त्याला कळलं होतं.

सुटायची वाट एकच होती, आणि ती गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आपली घागर आपल्या हातानं उचलायची आणि शेवटाला नेऊन ठेवायची. त्यानं वाकून निळ्या घागरीचा गळा दोन्ही हातांनी धरला. रिकामी घागर, तिचं वजन ते किती? उचलली असती तर उचलली गेली असती.

"शरणू?" दारातून नरसिंगनं हाक मारली. किल्ली सापडली होती, दार उघडं होतं, आतल्या उजेडात भिंतीवरचा कोंडाबाईचा हार घातलेला फोटो दिसत होता. "काय करून राहिलास रे? घागर कामून उचलतोस?"

शरणप्पानं त्याच्याकडे पाहिलं. चार पावलांवर होता नरसिंग. डोळे सुजलेले, तोंडावर थकलेलं हसू. सगळी गल्ली त्याला देवमाणूस म्हणायची, पण गमवायला नको होतं ते हे एकच माणूस.

"उचलत न्हाई," तो म्हणाला. "नंबर बघून राहिलो व्हतो."

"बरं. झोप आता. सकाळी टँकर हाय."

दार लागलं. शरणप्पाचे हात अजून घागरीवरच होते. पुढं कुठंतरी एक आखूड खर्र झालं. मग त्याच्या हातांखालची घागर हलली आणि त्याला बरोबर घेऊन पुढं सरकली.